उरलेला परीघ

ओश शहरातल्या आमच्या शाळेत
सगळ्या विषयांनी मिळून महिनाभर
नान शिकवायचं ठरलं, तेव्हा
सर्वात जास्त कुरकुर मी केली.
मी गणिताचा मास्तर. प्रमेयं मागे पडलेली,
आणि आठवीची पोरं पिठात हात घालून बसणार.

इतिहासाच्या बुरुलचाबाई म्हणाल्या,
जुमाबाय सर, एका बाकावर बसवून पाहिलं,
एका सुरात गायला लावलं,
सहिष्णुता हा शब्द फळ्यावर इतकी वर्षं लिहिला
की तिथला काळा रंग गेला.
मधली सुट्टी झाली की पोरं दोन भिंतींना दोन.
आता पीठ मळू.

मग काय. रसायनाच्या तासाला खमीर फुगलं.
भूगोलवाल्यांनी गल्लीबोळ पालथे घालून तंदूर मोजले,
नकाशावर लाल टिकल्या लावल्या.
भाषेच्या वहीत आलं: किर्गीझ म्हणतात नान, उझबेक नोन.
लीदा त्सोयच्या घरी रोज भातच, तिनं तेही लिहिलं.

नान आणि नोन.
एका मात्रेचं अंतर,
आणि त्या एवढ्याशा फटीत
एका जूनमध्ये केवढी घरं जळून गेली.
हे कुणी वहीत लिहिलं नाही.

‘आजीचे नियम’ या पानावर एर्मेकनं लिहिलं:
नान पालथा ठेवू नये,
तुकडा पडला तर उचलून कपाळाला लावावा.
दोन बाकं सोडून शाहिस्तानंही तेच लिहिलं.
एर्मेक तक्रार घेऊन आला:
हिनं माझं बघून लिहिलं.

माझी पाळी शेवटच्या आठवड्यात.
घरून एकेक नान आणा, म्हटलं,
दोरा, पट्टी, कंपास. व्यास मोजा, परीघ काढा.
वर्गाला भाजल्या तिळाचा वास.
शाहिस्तानं रुमाल सोडला.
आतला नान दगडासारखा,
कडेला घेतलेला एक घास,
दातांच्या खुणा अजून स्पष्ट.

मामाचा आहे, ती म्हणाली.
बाहेर पडताना एक घास खायचा, बाकीचा खिळ्याला टांगायचा,
परत आल्यावर माणसानं तो संपवायचा.
मी तेव्हा पाळण्यात होते.

कोणत्या जूनमध्ये, हे कुणी विचारलं नाही.
तीस पोरं, तीस नान, आणि खिडकीवर एक माशी.
मी खडू हातात घेतला, पुन्हा ठेवला.
मला वाटलं, म्हणावं, पोरी, हे बुरुलचाबाईंकडे ने.
पण त्यांच्या पुस्तकात त्या वर्षाला
दीड ओळ आहे.

सर, ह्याचा परीघ कसा काढायचा?
विचारलं एर्मेकनं. मग स्वतःच म्हणाला,
उरलेल्या कडेवर तीन बिंदू पुरेत ना?
दोन जीवा, त्यांचे लंबदुभाजक,
छेदतील तिथं केंद्र.

होय, म्हणालो. पुरेत.

हात लावू? त्यानं तिला विचारलं.
तिनं रुमाल थोडा पुढे सरकवला.
त्यानं आधी स्वतःचे हात चड्डीला पुसले.
नानखाली कागद, कडेनं पेन्सिल फिरवली
अशी, की तीळसुद्धा सांडू नये.
केंद्र सापडलं. कागद नानवर धरून पाहिला तर
भटारखान्यातल्या कुणी ठशानं टोचलेल्या
भोकांच्या फुलाच्या ऐन मधोमध.
मागून कुणीतरी हलकेच शीळ घातली.

मग तो तुटका भाग पुरा करायला
त्यानं कंपास टेकवला, आणि ती म्हणाली,
तिथं रेघ नको.

एर्मेकनं कंपास मिटला.
उत्तर सेंटिमीटरमध्ये लिहिलं,
खाली बारीक अक्षरात: एक घास वजा.

सोमवारी मधल्या सुट्टीत
पोरं पुन्हा दोन भिंतींना दोन.
उगाच कशाला खोटं सांगू.
तो कागद मात्र तपासायचा म्हणून
माझ्या खणात पडून आहे.
किती गुण द्यावेत, अजून ठरत नाही.